धुतल्या सालीची झाडं

बर्च आणि भूर्ज हे शब्द सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की आहेत. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषांची खापरपणजी एकच. तिच्या बोलीत या झाडाला जे काही म्हणत असतील, त्याचीच ही दोन रूपं. झाडांच्या नावांत असा उघड दिसणारा भाऊबंदपणा फार कमी सापडतो, कारण माणसं देशोदेशी पांगली तशी झाडं बदलली आणि जुनी नावं सुटून गेली. भूर्ज मात्र थंड प्रदेशात सगळीकडे भेटत राहिला, म्हणून त्याचं नावही टिकलं.

आपल्याकडे मात्र गंमत अशी, की शब्द माहीत आणि झाड माहीत नाही. महाराष्ट्रात भूर्ज उगवत नाही. तो हिमालयातला, साधारण तीन हजार मीटरच्या वरचा, जिथे झाडांची हद्द संपत येते तिथला. आपल्याला ठाऊक असतं ते भूर्जपत्र, तेही काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं. कुणाला एखादं यंत्र काढायचं असेल तर अष्टगंध आणि डाळिंबाच्या काडीबरोबर बदामी रंगाचा एक सुरकुतलेला तुकडा पुडीत बांधून मिळतो. पत्र म्हणतात म्हणून ते पान असावं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते पान नाही. ती साल आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे केंब्रिजजवळची एक बाग. बागेचं नाव अँगलसी ॲबी. केंब्रिजच्या ईशान्येला सहा-सात मैलांवर लोड नावाचं खेडं आहे, तिथे. आमची आत्या पुण्याहून आली होती. 'थंडी बघायची तर खरी थंडी बघायची' म्हणून हट्टाने जानेवारीत आली. वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेलं, आणि गुडघे सोडले तर बाकी सगळं खणखणीत. जानेवारीत बाग कसली बघायची, असं कुणालाही वाटेल. पण या बागेत खास हिवाळ्यात फिरण्यासाठी केलेली एक वाट आहे आणि तिच्या शेवटी बर्चची राई आहे, एवढं ऐकलं होतं.

आधी जागेची थोडी कुळकथा सांगते, ती पुढे लागणार आहे.

नावात ॲबी असलं तरी हा मोठा मठ कधीच नव्हता. बाराव्या शतकात इथे ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंचं एक ठाणं उभं राहिलं, त्यापैकी काही कमानी आजही घराच्या पोटात आहेत. पुढे आठव्या हेन्रीने पोपशी भांडण काढलं आणि इंग्लंडभरचे मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. त्या लाटेत १५३६ मध्ये हे ठाणंही संपलं. साधारण १६०० च्या सुमाराला त्या अवशेषांवर राहतं घर बांधलं गेलं. पुढच्या मालकांपैकी एक होता टॉमस हॉब्सन, केंब्रिजचा भाड्याने घोडे देणारा. गिऱ्हाईकाने दाराजवळचा घोडा घ्यायचा, नाहीतर चालत जायचं, असा त्याचा खाक्या. त्यावरून इंग्रजीत 'हॉब्सन्स चॉइस' हा वाक्प्रचार पडला. वरातीचा घोडा निवडायला त्याच्याकडे कुणी जाऊ नये.

आज दिसते ती बाग मात्र विसाव्या शतकातली. १९२६ मध्ये हटलस्टन आणि हेन्री ब्रॉटन या दोन भावांनी ही जागा विकत घेतली. वडील इंग्लिश इंजिनिअर, आई अमेरिकन, आणि आईचे वडील स्टँडर्ड ऑइलमधले बडे भागीदार, त्यामुळे पैशाला तोटा नव्हता. भावाभावांत ठरलं होतं म्हणे, की ज्याचं लग्न आधी होईल त्याने घर सोडायचं. हेन्रीचं लग्न झालं, तो गेला. थोरला हटलस्टन जन्मभर अविवाहित राहिला आणि घर त्याचं झालं. १९२९ मध्ये तो लॉर्ड फेअरहेवन झाला. त्याच वर्षी या कुटुंबाने मॅग्ना कार्टा जिथे झाला ते रनीमीडचं कुरण वडिलांच्या स्मरणार्थ नॅशनल ट्रस्टला दिलं.

जमीन तशी बागेला अनुकूल नाही. हा फेन मुलुख, म्हणजे दलदल उपसून काढलेली सपाट जमीन. ना टेकडी, ना उतार. अशा ठिकाणी माणसाने तीसेक वर्षं खपून झाडांच्या लांबच लांब रांगा लावल्या. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, त्याच्या नावे एक रांग. एका वाटेवर बारा रोमन सम्राटांचे संगमरवरी मुखवटे. घरात मोठं ग्रंथालय. लंडनचा जुना वॉटर्लू पूल पाडला तेव्हा त्याच्या पायातले लाकडी खांब निघाले, त्यांचे या ग्रंथालयाचे कप्पे बनवले आहेत. शंभराहून अधिक वर्षं टेम्स नदीखाली उभं राहिलेलं लाकूड आता पुस्तकं पेलतंय. १९६६ मध्ये लॉर्ड फेअरहेवन वारले आणि घर, बाग, चीजवस्तू सगळं नॅशनल ट्रस्टकडे गेलं. ज्या हिवाळी वाटेसाठी आम्ही गेलो ती त्यांच्यानंतरची. त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने नव्वदच्या दशकात ती आखली.

वाट नागमोडी आहे, म्हणजे पुढचं वळण येईपर्यंत पुढे काय ते कळत नाही. पानं झडलेली, फुलं जवळजवळ नाहीत, आणि तरीही डोळ्यांना काही कमी पडत नाही. कारण ही बाग सालींची आणि काड्यांची आहे. लालभडक काड्यांची झुडपं, मग पिवळ्या काड्यांची, मध्येच पांढरी भुकटी माखल्यासारखे काटेरी वेल. तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखी साल असलेली तिबेटी चेरी. एका वळणावर मधासारखा गोड वास आला, आणि बघितलं तर जेमतेम तांदळाएवढी पांढरी फुलं. आत्या म्हणाली, "एवढीशी फुलं आणि वास बघ केवढा. आमच्या मुख्याध्यापकबाई अशाच होत्या."

आणि मग शेवटचं वळण.

समोर नुसते पांढरे बुंधे. एकाला लागून एक, सरळ, उंच, आणि पांढरे म्हणजे चुन्याचा हात दिल्यासारखे. खाली काळी जमीन, वर राखाडी आभाळ. आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही.

झाड हिमालयातलंच आहे. वनस्पतिशास्त्रातलं नाव बेट्युला युटिलिस, पोटजात जॅक्मोंटी. म्हणजे शब्दशः आपला भूर्ज. इंग्लंडचा स्वतःचा बर्च वेगळा. तोही पांढरा, पण थोडा काळपट, भेगाळलेला. पश्चिम हिमालयातली ही पोटजात त्याहून कितीतरी शुभ्र, म्हणून इंग्रज बागवानांची लाडकी. (पूर्वेकडे जावं तसतसा हाच भूर्ज तांबूस-तपकिरी होत जातो.) इंग्लंडच्या ओल्या हवेत पांढऱ्या सालीवर हिरवट शेवाळ चढतं. म्हणून इथले माळी ही झाडं धुतात. हो, झाडं धुतात. बुंधा अन् बुंधा.

आत्याला हे सांगितलं तर ती हसली. "अगं, नरकचतुर्दशीला उटणं लावल्यासारखं!" मग जवळ गेली, हातमोजा काढला आणि बुंध्यावर तळवा ठेवला. "यावर लिहायचे?" म्हटलं, हो, यावरच. सालीवर आडव्या बारीक रेघा असतात, आखीव कागदासारख्या. एका ठिकाणी पापुद्रा सुटून हलत होता, कागदाइतकाच पातळ. ती बराच वेळ तो बघत राहिली. "उर्वशी भूर्जपत्रावर पत्र लिहिते, हे चाळीस वर्षं शिकवलं," ती म्हणाली. "झाड आज बघितलं."

कालिदासाच्या विक्रमोर्वशीयात ते पत्र आहेच. कुमारसंभवातही हिमालयाच्या वर्णनात भूर्जसालीवर लिहिलेली प्रेमपत्रं येतात. हा नुसता कविसंकेत नव्हता. अल बिरूनीने अकराव्या शतकात नोंदवलंय की उत्तरेकडचे लोक भूर्जाची साल घेतात, तिला तेल लावून घोटून टणक आणि गुळगुळीत करतात आणि तिच्यावर लिहितात. दक्षिणेला ताडपत्र, उत्तरेला भूर्ज, अशी सरळ वाटणी होती. शिवाय ही साल पाणी धरत नाही, म्हणून डोंगरातले लोक घराच्या छपरात मातीखाली तिचे थर घालत, लोणी गुंडाळत. युटिलिस या लॅटिन शब्दाचा अर्थच 'उपयोगी'. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नाव दिलं. मला ते फार आवडलं. झाडाला मोठेपणा देणारी नावं पुष्कळ असतात, 'कामाचा माणूस' म्हणणारी थोडी.

आता त्या दुसऱ्या नावाकडे येऊ, जॅक्मोंटी. इथे गोष्ट थेट आपल्या दारात येते.

व्हिक्टर जॅकमाँ हा पॅरिसचा तरुण. जन्म १८०१. तिथल्या वनस्पती उद्यानाने त्याला नमुने गोळा करायला हिंदुस्थानात पाठवला. १८२९ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. दिल्ली, सिमला, किन्नौर, स्पिती असा फिरला. मग लाहोरला रणजितसिंहांच्या दरबारात गेला, आणि त्यांच्या परवानगीने १८३१ मध्ये काश्मीरला. तेव्हा युरोपियन माणसाला काश्मीर बघायला मिळणं ही दुर्मिळ गोष्ट होती. झाडं, दगड, प्राणी, जे मिळेल ते टिपत, बांधत, नोंदवत तो चालला होता. आणि जाईल तिथून घरी लांबलचक पत्रं लिहीत होता.

१८३२ च्या पावसाळ्यात हा माणूस पुण्यात होता. पेशवाई बुडून जेमतेम चौदा वर्षं झालेली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं होतं. जॅकमाँची प्रकृती उतरत गेली. मुंबईला पोचेपर्यंत यकृताचा विकार हाताबाहेर गेला होता. डिसेंबरच्या १ तारखेला त्याने भावाला शेवटचं पत्र लिहिलं आणि ७ तारखेला तो वारला. वय एकतीस. मुंबईतच पुरला. पुढे १८८१ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसला नेले. त्याच्या मृत्यूनंतर त्याची घरी लिहिलेली पत्रं छापली गेली, गाजली. १८४१ मध्ये एदुआर स्पाख नावाच्या शास्त्रज्ञाने पश्चिम हिमालयातल्या भूर्जाला त्याचं नाव दिलं.

म्हणजे केंब्रिजशेजारच्या खेड्यातल्या पाटीवर ज्याचं नाव, त्याने शेवटचा पावसाळा पुण्यात काढला आणि शेवटचा श्वास मुंबईत घेतला. आत्या म्हणाली, "पुण्याच्या पावसात आजारी पडायला पॅरिसहून यायची काय गरज होती?" पण तिने तो फळा दोनदा वाचला.

घरी आल्यावर साहजिकच प्रश्न निघाला. झाड आपलं, साल आपली, पोथ्या आपल्या, आणि हे सगळं त्यांच्याकडे कसं? कारण गोष्ट झाडावर थांबत नाही. पेशावरजवळ १८८१ मध्ये जमिनीत सापडलेली बक्षालीची गणिताची पोथी, शून्याच्या ठिपक्यांची, भूर्जपत्रावर आहे आणि ती ऑक्सफर्डला आहे. मध्य आशियातल्या कुचाला मिळालेली वैद्यकाची बॉवर पोथी, तीही भूर्जावर, तीही ऑक्सफर्डला. गांधारातल्या बौद्ध गुंडाळ्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची काश्मिरी पोथी जर्मनीत ट्युबिंगनला. यादी वाचत गेलं की राग येतो. यावा, त्यात काही चूक नाही.

पण यादीत एक नाव पुण्याचंही आहे, आणि ते आलं की हिशोब तितका सरळ राहत नाही.

गेऑर्ग ब्यूलर हा जर्मन पंडित. १८६३ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक, पुढे शिक्षण खात्यात. १८७५ मध्ये मुंबई सरकारने त्याला पोथ्या शोधायला काश्मीरला धाडलं. तिथे पंधराव्या-सोळाव्या शतकापासून कागद रुळत गेला तसा भूर्ज मागे पडला होता. जुन्या भूर्जपोथ्या पंडितांच्या घरात होत्या, आणि दिवसेंदिवस ठिसूळ होत होत्या. साल मुळात थरांची. चिकटपणा गेला की थर सुटतात, कडा झडतात, पान उलटताना अक्षरं हातात येतात. ब्यूलरने शेकडो पोथ्या मिळवल्या. त्या पुण्याला डेक्कन कॉलेजात आल्या, आणि १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संस्था स्थापन झाल्यावर पुढच्याच वर्षी सरकारी संग्रहाबरोबर तिथे गेल्या.

त्या संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदणीत गणना झाली. ३० पैकी २९ कागदावर, आणि एक भूर्जपत्रावर, शारदा लिपीत. आणि महाभारताची चिकित्सित आवृत्ती तर सगळ्यांना ऐकून माहीत असते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ मध्ये मुख्य संपादकपद घेतलं, आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं, आणि सगळी पर्वं छापून व्हायला १९६६ उजाडलं. (फेअरहेवन वारले तेच वर्ष. योगायोगच, पण लक्षात राहिला.) या आदिपर्वासाठी सुकथनकरांनी ज्या पोथीला मोठा मान दिला ती ब्यूलरने आणलेली, शारदा लिपीतली, भूर्जपत्रावरची, तीही अर्धवट. काश्मीरची संहिता इतरांपेक्षा आटोपशीर. शतकानुशतकं इतरत्र जी भर पडत गेली ती तिच्यात कमी. ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून पाहिल्यावर काय उरतं, काय मागाहून आलं, ते ठरवत गेले. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही, ती परिशिष्टात आहे.

आत्या म्हणाली, "म्हणजे तो ब्यूलर गेला नसता तर?"

आता यावर काय बोलायचं? गेला नसता तर काश्मिरातच कुणी जपली असती कदाचित. किंवा नसती. ज्या सरकारने पोथ्या उचलल्या त्याच सरकारने त्या पुण्यात ठेवल्या. जॅकमाँ काश्मीरला गेला तो रणजितसिंहांच्या परवानगीने. ट्युबिंगनची अथर्ववेदाची पोथी काश्मीरचे महाराज रणबीरसिंह यांच्याकडूनच बाहेर गेली. सगळीच लूट नव्हती आणि सगळाच परोपकारही नव्हता. कुणी नेलं हा प्रश्न खरा आहे, पण एकटा पुरेसा नाही. नेल्यावर पुढे काय केलं, आणि जे इथे राहिलं त्याचं आपण काय केलं, हेही विचारावं लागतं.

आणि जपण्याची अक्कल त्यांना उपजत होती असंही नाही. ज्या बागेत झाडं धुतात, तिच्या जुन्या मालकांची गोष्ट आठवा. मठ बंद झाले तेव्हा त्यांची ग्रंथालयंही उधळली गेली. जॉन बेल नावाच्या पाद्र्याने १५४९ मध्ये हळहळून लिहून ठेवलंय. तो स्वतः जुन्या मठांवर टीका करणारा, तरी पुस्तकांचे हाल त्याला बघवले नाहीत. हस्तलिखितांची पानं मेणबत्तीची घरं घासायला, बूट पुसायला वापरली, वाण्यांना आणि साबणवाल्यांना विकली, जहाजं भरभरून परदेशी बुकबाइंडरांकडे पाठवली. पोथ्या पुड्या बांधायला जातात हे वाचलं की आपल्याला आपलंच गाव आठवतं. इतिहासाचार्य राजवाडे याच भीतीने गावोगाव, वाड्यावाड्यांतून दप्तरं शोधत हिंडले. माळ्यावर, बळदात, उंदरांच्या तावडीत सापडलेले कागद त्यांनी मिळवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे २२ खंड त्या पायपिटीतून उभे राहिले.

आणि ५ जानेवारी २००४. त्या दिवशी भांडारकर संस्थेत जमाव घुसला. एका पुस्तकाचा राग हजारो पुस्तकांवर निघाला. कपाटं आडवी झाली, पोथ्या फरशीवर आल्या. आत्याचं घर तिथून फार लांब नाही. ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी पेपरमधला फोटो बघून मला शाळेत शिकवता येईना. मुलांना काय सांगायचं, कशाबद्दल रागवायचं?" नंतर तिथे पानं उचलायला, झाडायला, जुळवायला माणसंही आली. ही दोन्ही माणसं पुण्याचीच. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आपल्याला एकच अर्धं आठवायची सवय असते.

भूर्जाबद्दल एक गोष्ट मला नव्याने कळली. बर्च दीर्घायुषी नाही. ओकसारखी शतकं नाहीत त्याच्या नशिबात. बागेतला बर्च साठ-सत्तर-ऐंशी वर्षांत थकतो. म्हणजे आज जी राई बघून आपण थक्क होतो तिच्यातली झाडं पुढच्या पिढीने नव्याने लावावी लागणार. तसं केलं नाही तर शंभर वर्षांनी तिथे गवत असेल. याच बागेने १९७० च्या दशकात एल्म मरताना पाहिले. इंग्लंडभर रोग पसरला आणि रांगाच्या रांगा गेल्या, पुन्हा लावाव्या लागल्या. आपण 'ऐतिहासिक बाग' म्हणतो तेव्हा वाटतं की ती तेव्हापासून तशीच उभी आहे. तशीच उभी राहते ती वास्तू, फार तर. बाग दर पिढीला नवी करावी लागते.

पोथीचंही हेच. कश्मिरी भूर्जपोथ्यांची मूळ पानं झडली, पण त्यांच्या नकला देवनागरीत झाल्या आणि त्यांचाही सुकथनकरांना उपयोग झाला. आपल्याकडचा वेद तर लिहिण्याच्या आधी पाठांतराने, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात टिकला. नक्कल करणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही. बुंधे धुणाऱ्याचंही नाही.

आणि खुद्द हिमालयात? गंगोत्रीहून गोमुखाकडे चालत गेलेल्यांना भोजबासा हा मुक्काम आठवेल. नावच भूर्जावरून पडलेलं. तिथला भूर्ज जळणासाठी, झोपड्यांसाठी, यात्रेकरूंच्या चुलींसाठी तोडला गेला, आणि नावातलं झाड नावातच उरायची वेळ आली. डॉ. हर्षवंती बिष्ट या गिर्यारोहक बाईंनी नव्वदच्या दशकापासून तिथे भूर्जाची रोपं लावायला सुरुवात केली. सालीसाठी नाही, पोथ्यांसाठी नाही, झाड तिथलं आहे म्हणून. इतक्या उंचीवर, वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली जाणाऱ्या जमिनीत रोप जगवणं काय असतं, ते तिथे एक रात्र काढलेल्यांना सांगायला नको. माझ्या मनात केंब्रिजच्या राईशेजारी आता ती रोपं उभी आहेत. एक राई धुतलेली, बघण्यासाठी. दुसरी खुरटी, वाऱ्यातली. मला विचाराल तर जास्त काळजी दुसरीची वाटते.

आत्याने पुण्याला परतण्याआधी एक आठवण सांगितली. ती सात-आठ वर्षांची असताना घरातल्या जीर्ण पोथ्या एका पाटीत भरून नदीत सोडल्या होत्या. रीतच होती ती. पोथी रद्दीत जाऊ नये, पायाखाली येऊ नये, म्हणून नदीला द्यायची. त्यात श्रद्धा होती, अनादर नव्हता. "पण त्यात काय काय होतं, ते कुणी बघितलं नाही," ती म्हणाली. "लाल बासनं तरंगत गेलेली दिसतात मला अजून." मराठीत एखादी गोष्ट बासनात गुंडाळली म्हणजे ती संपली. खरं तर बासन असतं जपण्यासाठी. शब्दाचा अर्थ असा उलटा का झाला असेल, याचा विचार केला तर फार सुखाचं उत्तर सापडत नाही.

सगळंच नदीला गेलेलं नाही. गावच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे, तिच्यात तीन बासनं आहेत, असं आत्या छातीठोकपणे सांगते. घर पुढच्या वर्षी उतरवायचं घाटतंय, हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत आहेच. तर काका, दादा, वैनी, आणि जे कोणी दिवाळीला तिकडे जाणार असाल त्यांना एवढंच सांगणं. ट्रंक खाली काढा, पण बासनं ओढून सोडू नका. कोरड्या जागी, उन्हात नाही, सावलीत ठेवा. तेल, कापूर, चिकटपट्टी काही लावू नका. प्रत्येक पोथीच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. नक्कल करणारा आपलं नाव आणि शक बहुतेक वेळा शेवटीच लिहितो. मी मे महिन्यात येतेय. आत्या वाचून दाखवायला तयार आहे. मोडी असेल तर तिच्या ओळखीच्या एक बाई आहेत.

आत काय निघेल कोण जाणे. हरिविजयाच्या तीन प्रती निघतील, नाहीतर वाण्याची उधारी. तरी बघू या.